कुकरमधला लिंबू भात: कडू का होतो, गिच्च का होतो आणि नेमका कधी काय घालायचं

लिंबू भात सोपा म्हणून सांगितला जातो आणि तिथेच घोटाळा होतो. तांदूळ, पाणी, हळद, मीठ, शेंगदाणे, लिंबाचा रस असं सगळं एकदम कुकरात ढकलायचं, तीन शिट्ट्या घ्यायच्या, झाकण उघडायचं. निघतो तो पिवळा, कडसर, चिकट गोळा आणि त्यात मऊ पडलेले शेंगदाणे. मग दोष लिंबाला, तांदळाला, कुकरच्या कंपनीला. खरी चूक क्रमात असते.

या लेखातली मुख्य गोष्ट एवढीच: कुकर भात शिजवण्यापुरता, लिंबू कुकरच्या बाहेर. कुकरात पूर्ण दाब असताना आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. लिंबाचा वास त्याच्या सालीतल्या तेलात असतो आणि ते तेल वाफेबरोबर उडून जातं. शिट्टी झाल्यावर स्वयंपाकघरात लिंबाचा वास दरवळला तर खूश होऊ नका, तो भातातून गेलेला वास आहे. मागे उरतो तो नुसता आंबटपणा आणि तापलेल्या रसाचा कडवटपणा.

आपल्याकडे खान्देशात पानात आधी भाकरी, बट्टी नाहीतर पुरी. भात शेवटी, दोन घास. त्यामुळे भाताकडे लक्षही शेवटी जातं. कुकर एकीकडे लावून माणूस भरताची वांगी भाजायला बसतो आणि शिट्ट्या मोजायचं काम घरातल्या पोरावर सोपवतो. या भाताला तेवढं चालत नाही. काम अवघड नाही, पण वीस मिनिटं लक्ष हवं.

प्रमाण (बाजूला वाढायला, चार-पाच जणांना)

- जुना कोलम तांदूळ: २ वाट्या (माझी वाटी १८० मिलीची, दोन वाट्यांत साधारण ३०० ग्रॅम बसतात)
- पाणी: ३ वाट्या, उकळतं
- कागदी लिंबं: ४ (रस साधारण ३ मोठे चमचे, म्हणजे ४५ मिली, एक लिंबू राखीव धरलं आहे)
- शेंगदाणा तेल: ३ मोठे चमचे, दोन फोडण्यांत विभागून
- शेंगदाणे: पाऊण वाटी
- हरभरा डाळ: १ मोठा चमचा, उडीद डाळ: १ छोटा चमचा
- मोहरी, हिंग, हळद (अर्धा छोटा चमचा), कढीपत्त्याच्या दोन काड्या
- हिरव्या मिरच्या ३-४, आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, सुक्या लाल मिरच्या २
- मीठ: पाण्यात दीड छोटा चमचा, रसात पाव; साखर: दोन चिमटी
- असतील तर लिंबाच्या झाडाची ३-४ कोवळी पानं, वरून कोथिंबीर

कुकर ३ लिटरचा. त्यापेक्षा मोठ्यात करणार असाल तर सहावी पायरी नीट वाचा.

## १. तांदूळ आधी ओळखा

निम्मा भात इथेच बिघडतो. लिंबू भाताला दाणा मोकळा हवा, कारण शेवटी रस घालून तो पुन्हा हलवायचा असतो. चिकट भात हलवला की त्याचा लगदा होतो.

वर्षभर जुना कोलम सगळ्यात सोयीचा. बासमती चालतो, पण त्याचा स्वतःचा वास लिंबाशी भांडतो. मला तो या भातात आवडत नाही. इंद्रायणी या कामाचा नाहीच. तो तूप-वरणासोबत खावा, त्याला लिंबू भातात कष्टवू नये. आंबेमोहोराचंही तेच.

दिवाळीनंतर नवापूरकडचा नवा तांदूळ घरोघरी येतो. तो चवीला गोड असतो, पण दाण्यात ओल जास्त असल्याने पाणी कमी पितो आणि लवकर चिकटतो. घरात तोच असेल तर पाणी कमी करा (प्रमाण पुढे आहे) आणि पाचव्या पायरीतलं परतणं दुप्पट वेळ करा. तरी तो कोलमसारखा फडफडीत होणार नाही, हे धरून चाला.

तपासा: दाणा दाताखाली फोडा. जुना तांदूळ कडक असतो आणि कटकन तुटतो. नवा जरा दबतो, मग तुटतो. दुकानदार काय म्हणतो त्यापेक्षा हा दाखला बरा.

## २. लिंबं निवडणं, किसणं. पिळणं मात्र नंतर

पातळ सालीचं, हातात जड लागणारं, पिवळसर झालेलं कागदी लिंबू घ्या. हिरवंगार, कडक, हलकं लिंबू म्हणजे जाड साल आणि थेंबभर रस. आठवडे बाजारात वाट्यावर मिळणाऱ्या लिंबांत दोन्ही मिसळलेली असतात, तेव्हा हाताने निवडून घ्यायला लाजू नका. ईडलिंबू लोणच्याला ठीक, इथे नको. मोसंबीत आंबटपणा फार कमी, तिने हा भात होत नाही.

लिंबं धुवा, पुसा आणि कापण्याआधी किसा. कापलेलं लिंबू किसता येत नाही, ते हातातून निसटतं आणि बोट किसलं जातं. बारीक किसणीवर अलगद फिरवा. फक्त वरचा रंगीत थर निघाला पाहिजे. खाली पांढरं दिसलं की तिथून पुढे सरका. तो पांढरा थर कडू असतो. कागदी लिंबाची साल पातळ असल्याने एका जागी दोनदा किसणी फिरवली तरी तुम्ही पांढऱ्यापर्यंत पोचलेले असता. दोन लिंबांचा मिळून सपाट छोटा चमचाभर कीस पुरतो.

रस आत्ता काढू नका. पिळून ठेवलेला रस जसजसा वेळ जातो तसतसा कडसर होत जातो आणि ताजेपणाही सोडतो. सकाळी रस काढून फ्रिजमध्ये ठेवला, रात्री भातात घातला, असं करणाऱ्यांचा भात कुकरात लिंबू न घालताही कडू होतो, तो यामुळे.

सावध: लिंबं फ्रिजमधली असतील तर किसून झाल्यावर कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. गार लिंबू रस देत नाही, मग माणूस ते जीव खाऊन पिळतो आणि सालीतला कडवटपणा रसात उतरतो.

## ३. कुकर तपासा

शिट्टी काढा आणि झाकणावरचं नळीचं भोक उजेडाकडे धरून आरपार दिसतं का ते पाहा. मागच्या खेपेच्या डाळीचा कण तिथे अडकलेला असतो. सुई किंवा बारीक तारेने साफ करा. झाकणाची रबरी रिंग काढून बोटाने वाकवा. ती कडक, चिरलेली किंवा सैल असेल तर आजूबाजूने वाफ सुटेल, दाब धरणार नाही आणि तुमचं पाण्याचं सगळं गणित वाऱ्यावर जाईल. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रिंग लवकर ताठरते. बदलायला फार पैसे लागत नाहीत.

तांदूळ आणि पाणी मिळून कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. भात फुगतो, फेस येतो आणि तो फेस नळीत जाऊन बसतो.

कुकर ॲल्युमिनियमचा असेल तर लिंबू बाहेर ठेवायला आणखी एक कारण आहे: आंबट पदार्थ त्या धातूला खातो. डबे ठेवून वरणभात लावताना तळाच्या पाण्यात लिंबाची फोड टाकतात ती भांडं काळं पडू नये म्हणून. ते पाणी आपण खात नाही. ती फोड पाहून कुणी भाताच्याच पाण्यात अर्धं लिंबू सोडू लागलं तर त्याला थांबवा.

## ४. धुणं, भिजवणं, निथळणं

तीन पाण्यांनी धुवा. चोळू नका, दाणे तुटतात आणि तुटलेला दाणा चिकटपणा सोडतो. नुसतं पाणी घालून हात फिरवायचा आणि ओतायचं. तिसरं पाणी अगदी नितळ नसलं तरी चालेल.

कोलम २० मिनिटं भिजवा. मग चाळणीत काढून १० मिनिटं निथळू द्या. निथळणं लोक गाळतात. ओला तांदूळ फोडणीत टाकला की तो परतला जात नाही, आपल्याच पाण्यात उकडतो. शिवाय तांदळाला चिकटून येणारं पाणी मोजमापात धरलेलं नसतं, म्हणून भात कधी बरा होतो, कधी गिच्च, आणि कारण सापडत नाही.

याच वेळात हरभरा डाळ वेगळ्या वाटीत भिजत घाला.

## ५. पहिली फोडणी कुकरात

कुकर मध्यम आचेवर, त्यात एक मोठा चमचा तेल. मोहरी तडतडली की हिंग, चिरलेल्या हिरव्या मिरच्या, किसलेलं आलं, एक काडी कढीपत्ता. आच कमी करून हळद. हळदीला दहा सेकंद पुरतात, करपली तर तिचा कडवटपणा वेगळा. लगेच निथळलेला तांदूळ घाला.

दोन मिनिटं परता, नवा तांदूळ असेल तर चार. उलथन्याने तळापासून वर असं हलवा, घुसळू नका. प्रत्येक दाण्याला तेलाचा हात लागला पाहिजे. दाण्याच्या कडा काचेसारख्या दिसू लागल्या आणि उलथन्याला तांदूळ चिकटेनासा झाला की झालं.

परसात लिंबाचं झाड असेल तर त्याची कोवळी पानं मध्ये चिरून आत्ता घाला, तमालपत्र घालतो तशी. पानांचा वास वाफेत टिकणारा नाही, पण भाताला मागून एक हलका गंध देतो. वाढण्याआधी ती काढून टाका. जून पानं नकोत, ती कडू असतात.

शेंगदाणे आणि डाळी कुकरात घालायच्या नाहीत. पुलावात शेंगदाणा मऊ चालतो, इथे तो कुरकुरीत हवा.

## ६. पाणी

पाणी उकळतं हवं. थंड पाणी घातलं तर कुकरला दाब धरायला सात-आठ मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात तांदूळ कोमट पाण्यात भिजत राहतो आणि वरचा थर सुटून चिकट होतो. उकळतं घातलं तर दोन-तीन मिनिटांत दाब येतो.

एका वाटी तांदळाला पाणी असं:

- जुना कोलम, भिजवून निथळलेला: दीड वाटी
- जुना कोलम, न भिजवलेला: पावणेदोन वाट्या
- नवा तांदूळ: सव्वा वाटी
- बासमती, भिजवून निथळलेला: सव्वा वाटी

तांदूळ मोजला त्याच वाटीने पाणी मोजायचं. हे सांगावं लागतं, कारण तांदूळ वाटीने आणि पाणी पेल्याने मोजणारी घरं मी भरपूर पाहिली आहेत.

लिंबाचा ४५ मिली रस शेवटी भातात जाणार आहे हे विसरू नका. पाणी या हिशेबाने जरा कमीच धरलं आहे. "थोडं वाढवून घालू" हा मोह टाळा.

कुकर ५ लिटरचा, रुंद तळाचा असेल तर पाव वाटी पाणी वाढवा. दाब येईपर्यंत त्यातून जास्त वाफ जाते. साडेसात लिटरच्या कुकरात दोन वाट्या तांदूळ लावू नका. एवढा थोडा भात एवढ्या मोठ्या तळावर पसरला की बुडाला लागतोच.

पाणी घातलं की मीठ घाला आणि उलथन्याने तळ खरवडून घ्या. फोडणीचा कण तळाला चिकटलेला राहिला तर तिथूनच भात करपायला सुरुवात होते.

तपासा: पाणी चमच्याने चाखा. नेहमीच्या भातापेक्षा किंचित खारट लागलं पाहिजे. आंबटाला मीठ लागतं, आणि मोकळ्या झालेल्या भातात ते नंतर सारखं पसरत नाही.

बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात हळद तांबूस दिसते. कुकर उघडल्यावर भात मातकट-नारिंगी दिसला तर घाबरू नका. रस पडला की तो उजळ पिवळा होतो. तरी पिण्याचं पाणी वापरलेलं बरं.

## ७. आच आणि वेळ: शिट्ट्या नाही, मिनिटं

दोन घरांतल्या दोन शिट्ट्या सारख्या नसतात. एक कुकर मिनिटाला शिट्टी देतो, दुसरा चार मिनिटांनी. रिंग जुनी, वजन हलकं, बर्नर मोठा, यातल्या कशानेही आकडा बदलतो. म्हणून "किती शिट्ट्या?" या प्रश्नाला मी उत्तर देत नाही.

झाकण लावून मोठ्या आचेवर ठेवा. पहिली पूर्ण शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि घड्याळ लावा.

- कोलम: ४ मिनिटं
- नवा तांदूळ: ३ मिनिटं
- बासमती: पहिली शिट्टी झाली की लगेच बंद

या वेळात दुसरी शिट्टी झाली नाही तरी बिघडत नाही. आतला दाब आपलं काम करत असतो. वेळ संपली की गॅस बंद करा आणि कुकर त्या बर्नरवरून उचलून बाजूला ठेवा. जाड लोखंडी जाळी तापलेली असते, ती तळ शिजवत राहते. इंडक्शनवर हा त्रास कमी.

सावध: नळीतून पाणी किंवा फेस उडायला लागला तर कुकर जास्त भरला आहे किंवा आच जास्त आहे. आच बंद करा, वाफ पूर्ण जिरू द्या, मग पाहा. शिट्टी उचलून बघायला जाऊ नका.

## ८. वाफ जिरू द्या, पण विसरू नका

शिट्टी उचलून वाफ काढण्याची सवय इथे नडते. दाब एकदम उतरला की आतलं पाणी उसळतं, दाणे फुटतात आणि त्यांचा चिकट अंश सगळ्या भातावर पसरतो. कुकर थंड पाण्याच्या नळाखाली धरणं म्हणजे तीच चूक दुसऱ्या वाटेने.

आपोआप वाफ जिरायला ८ ते १० मिनिटं लागतात. उलट टोकाची चूकही होते: कुकर बंद करून माणूस फोनवर जातो आणि अर्ध्या तासाने उघडतो. झाकणावर जमलेलं पाणी तोवर खाली ठिबकलेलं असतं आणि खालचा थर स्वतःच्या वजनाने दबलेला असतो. वाफ जिरली की लगेच उघडा. झाकण उचलताना ते तिरपं करा, म्हणजे त्यावरचं पाणी भातात न पडता बाजूने जाईल.

या मधल्या दहा मिनिटांत दुसरी फोडणी करून घ्यायची आहे. ती खाली दहाव्या पायरीत लिहिली आहे, पण हात आत्ताच लावा.

## ९. परातीत मोकळा करणं

कुकरातच लिंबू पिळून डाव फिरवणं ही सर्वांत जास्त घडणारी चूक. गरम भात नाजूक असतो. दाणा अजून फुगलेला, ओला, सहज तुटणारा. त्यात आंबट पाणी घालून ढवळलं की गिच्च होणारच.

भात परातीत काढा. डावाने खोदून काढू नका. उलथन्याची कड घालून मोठे थर उचला आणि परातीत पसरा. काट्याने हलक्या हाताने सुटा करा. तळाशी लागलेला थर असेल तर तो कुकरातच राहू द्या, खरवडू नका. वरून चमचाभर तेल सोडलं तर दाणे एकमेकांना धरत नाहीत.

पाच-सात मिनिटं पंख्याखाली ठेवा, पण पंखा थेट वरून जोरात नको; वरचा दाणा वाळून टणक होतो. मे महिन्यात दार उघडं असेल तर पंखाही नको, जळगावची दुपारची झळ भात वाळवायला पुरेशी असते.

तपासा: तळहात भातावर टेकवून ठेवता आला पाहिजे. चटका बसत असेल तर रस घालायची वेळ आलेली नाही. अगदी गार झाला असेल तर उशीर झाला, कारण गार दाणा रस आत घेत नाही. तो खाली परातीत जमतो.

## १०. दुसरी फोडणी

छोट्या कढल्यात दोन मोठे चमचे तेल. तेल कोमट असतानाच शेंगदाणे घाला आणि मंद आचेवर हलवत राहा. तापलेल्या तेलात टाकले तर बाहेरून काळे, आतून कच्चे राहतात. साल तडकून गुलाबी-तपकिरी झाली की झाऱ्याने काढून ठेवा. ते गार होताना आणखी गडद होतात, तेव्हा रंग पुरता यायच्या जरा आधीच काढा.

त्याच तेलात मोहरी, मग भिजवून फडक्याने कोरडी पुसलेली हरभरा डाळ, मग उडीद डाळ. ओली डाळ टाकलीत तर तेल अंगावर उडेल. डाळी सोनेरी झाल्या की लाल मिरच्या तोडून आणि दुसरी कढीपत्त्याची काडी. गॅस बंद.

आता एक मिनिट थांबा. तेल जरा निवलं की त्यात लिंबाच्या सालीचा कीस घाला. गरम तेलात सालीतलं सुगंधी तेल उतरतं, आणि आच नसल्याने कीस करपत नाही. लिंबाचा खरा वास या फोडणीतून येतो. रस फक्त आंबटपणा देतो. चार लिंबं पिळूनही भात "लिंबाचा" लागत नाही अशी ज्यांची तक्रार असते त्यांनी कीस घातलेला नसतो.

ही फोडणी भातावर ओता. शेंगदाणे अजून बाजूलाच.

## ११. रस

आत्ता लिंबू कापा. आडवं कापा, म्हणजे देठ आणि टोक यांच्या मधून. असं कापलं की रसाच्या सगळ्या पाकळ्या उघड्या पडतात. कापण्याआधी ओट्यावर तळहाताने दाबून दोन-चार वेळा फिरवा. पिळताना रस सहज येतो तेवढाच घ्या. शेवटच्या थेंबासाठी साल उलटी करून चिरडू नका. काचेच्या किंवा स्टीलच्या वाटीत गाळून घ्या. बिया राहिल्या तर खाणाऱ्याच्या दाताखाली कडू येतील.

रसात पाव चमचा मीठ आणि दोन चिमटी साखर विरघळवा. साखर गोडीसाठी नाही, आंबटाची धार बसवायला. नुसती दाण्यावर भुरभुरली तर ती एकाच जागी राहते.

दोन मोठे चमचे रस आधी घाला, चमच्याने परातभर फिरवत, एका जागी ओतायचा नाही. दोन उलथनी घेऊन खालून वर असं चार-पाच वेळा उलटा. दोन मिनिटं थांबा. चाखा. आंबटपणा आत जायला एवढा वेळ लागतो, लगेच चाखलं तर कमी वाटतं आणि माणूस अजून पिळतो. मग तिसरा चमचा घालायचा की नाही ते ठरवा. पातळ सालीची रसाळ लिंबं कधी कधी इतकी आंबट असतात की अडीच चमच्यांत काम होतं.

आता शेंगदाणे, कोथिंबीर. परात झाकून पाच मिनिटं, मग वाढा.

एप्रिल-मेमध्ये लिंबू महागलं की आचारी लिंबूसत्व (सायट्रिक आम्ल) वापरतात. गरज असेल तर पाव छोटा चमचा दोन मोठे चमचे पाण्यात विरघळवून रसाच्या जागी घाला आणि एका तरी लिंबाची साल किसून फोडणीत टाका. लिंबाच्या रसात सहा टक्क्यांच्या आसपास हेच आम्ल असतं, म्हणजे आपल्या ४५ मिली रसात अडीच-तीन ग्रॅम. पण सत्वाचा आंबटपणा जिभेला बोचतो, म्हणून कमीवर थांबा. ते कोरडं भातावर कधीच टाकू नका.

## बिघडलाच तर

*गिच्च झाला:* रस घालू नका. भात परातीत पातळ पसरून पंधरा मिनिटं उघडा ठेवा, मग नॉनस्टिक तव्यावर थोड्या तेलात थर लावून न हलवता तापवा. पुरता सुटा होणार नाही, पण रस झेलण्याइतका होईल. रस निम्माच घाला.

*दाणा कच्चट राहिला:* पाव वाटी उकळतं पाणी शिंपडून कुकरात परत ठेवा, शिट्टी न लावता झाकण ठेवून अगदी मंद आचेवर पाच मिनिटं. रस घातल्यावर कच्चटपणा कळला तरी हेच करायचं, पण मग कडसरपणा येणार हे गृहीत धरा. म्हणून परातीत काढतानाच एक दाणा बोटांत चिरडून पाहत जा.

*फार आंबट झाला:* साखर ओतून काही होत नाही. साधा मोकळा भात असेल तर मिसळा. नसेल तर मुगाच्या घट्ट वरणासोबत वाढा.

*कडू झाला:* यावर उपाय नाही. साखर, खोबरं, दही घालून तो लपत नाही. कारण शोधा: किसात पांढरा थर आला, हळद करपली, पानं जून होती की रस शिळा होता.

## ताटात आणि डब्यात

हा भात शेवभाजीच्या तर्रीत बुडवू नका. दोन तिखट-आंबट चवी एकमेकींना खातात. तळलेली बिबडी किंवा उडदाचा पापड, मुगाचं साधं वरण, गोडसर घट्ट दही यांच्याशी त्याचं जमतं. वांग्याच्या भरताशेजारी थोडासा वाढला तर भाजल्या वांग्याला लिंबाची साथ चांगली लागते.

डब्यात द्यायचा तर शेंगदाणे वेगळ्या पुडीत द्या आणि भात पूर्ण गार करूनच डबा बंद करा. लिंबू घातलं म्हणजे भात टिकतो, हा समज आपल्याकडे पक्का आहे आणि तो धोक्याचा आहे. शिजवल्यावरही भातात काही जंतूंचे बीजाणू जिवंत राहतात आणि उबदार हवेत वाढून उलट्या करायला लावणारं विष तयार करतात. ते विष पुन्हा तापवल्याने जात नाही. एरवी शिजलेला भात बाहेर दोन तास, आणि पारा ३२ च्या वर असेल तर एक तास, एवढीच मुदत धरतात. मे महिन्यात भुसावळच्या रेल्वे फलाटावर ४५ अंशांत दुपारपर्यंत डबा घेऊन बसणाऱ्याला हा भात देऊ नका. त्याला दशमी आणि शेंगदाण्याची चटणी द्या. घरी उरला तर तासाभरात फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवा. तापवताना पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा, वाफ निघेपर्यंत गरम करा आणि रस पुन्हा अर्धा चमचा वरून घाला.

## जास्त माणसांसाठी

एक किलोपर्यंतचा तांदूळ साडेसात लिटरच्या कुकरात बसतो. पाणी तिप्पट-चौपट सरळ गुणू नका. भात वाढतो तशी वाफेतली गळती त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून वाटीला दीडऐवजी सव्वा ते दीडच्या मधलं प्रमाण धरा. बारीक आचेचा वेळ पाच मिनिटं, वाफ जिरायला पंधरा. पराती दोन घ्या; एकाच परातीत ढीग केला तर मधला भात गरम राहून दबतो. रस मात्र प्रमाणात वाढवा, पण पाऊण भाग आधी घालून चाखा आणि उरलेला हाताशी ठेवा. त्याहून जास्त माणसं असतील तर एका मोठ्या कुकराच्या मागे लागण्यापेक्षा दोन घाणे काढा. पहिला भात परातीत निवेपर्यंत दुसऱ्याची शिट्टी होते.